प्रकाशाच्या पुढे धावणारा झोत

"प्रकाशापेक्षा वेगाने काहीच जाऊ शकत नाही ना? मग तुमचे ते झोत प्रकाशाच्या पाचपट, दहापट वेगाने कसे धावतात?" दूरच्या दीर्घिकांच्या केंद्रांतून निघणारे झोत मी रेडिओ दुर्बिणींनी बघते, हे कळलं की हा प्रश्न येतोच. मी घाईत उत्तर दिलं की समोरचा म्हणतो, "अच्छा, म्हणजे नुसता भास!" आणि विषय मिटतो. तो तसा मिटलेला मला मान्य नाही. तुम्ही विचारलंत म्हणून आज सविस्तर सांगते.

झोत कसले, ते आधी थोडक्यात. दीर्घिकेच्या केंद्रात सूर्याच्या कोट्यवधी पट वस्तुमानाचं कृष्णविवर असतं. त्याच्याभोवती गरगरणाऱ्या वायूपैकी काही भाग आत पडण्याआधीच, पिळल्या गेलेल्या चुंबकीय क्षेत्रामुळे अक्षाच्या दिशेने बाहेर फेकला जातो. त्यातले इलेक्ट्रॉन चुंबकीय रेषांभोवती गिरक्या घेत रेडिओ लहरी सोडतात. या लहरी म्हणजे आवाज नव्हे, प्रकाशाचंच एक रूप. आम्ही त्यांची चित्रं काढतो.

हे चित्र काढणं मात्र सोपं नाही. ३सी २७३ या क्वेसारच्या, म्हणजे अतितेजस्वी केंद्र असलेल्या दूरच्या दीर्घिकेच्या, झोतातली एखादी तेजस्वी गाठ वर्षाला जेमतेम एक मिली-आर्कसेकंद (एका अंशाचा छत्तीस लाखावा भाग) सरकते. चंद्रावर उभा असलेला माणूस पृथ्वीवरून जेवढा दिसेल, साधारण तेवढंच हे सरकणं. एक डिश कितीही मोठी बांधली तरी हे दिसत नाही. म्हणून एकमेकींपासून हजारो किलोमीटर दूर असलेल्या डिश एकाच वेळी एकाच दिशेला वळवायच्या, प्रत्येकीच्या नोंदींवर हायड्रोजन मेसर या अत्यंत अचूक अणुघड्याळाची वेळ घालायची आणि नंतर त्या नोंदी एकत्र जुळवायच्या.

१९६६ साली ब्रिटिश खगोलशास्त्रज्ञ मार्टिन रीस यांनी कागदावर गणित मांडून दाखवलं होतं, की प्रकाशाच्या जवळपास वेगाने जाणारी वस्तू आपल्याला प्रकाशाहून वेगवान दिसू शकते. ऑक्टोबर १९७० आणि फेब्रुवारी १९७१ मध्ये अमेरिकेच्या दोन टोकांना असलेल्या गोल्डस्टोन आणि हेस्टॅक इथल्या दुर्बिणी जोडून ३सी २७९ हा दुसरा क्वेसार बघितला गेला, आणि त्या चार महिन्यांतच त्याची रचना बदललेली सापडली, जणू त्याचे भाग प्रकाशाहून वेगाने एकमेकांपासून दूर गेले होते. तरीही शंका होतीच. दिव्यांच्या माळेत एक दिवा विझून पुढचा लागला, तरी उजेड पळाल्यासारखा वाटतो. इथेही तसंच असेल तर? दोनच दुर्बिणींच्या नोंदींतून याचा निकाल लागत नव्हता. १९७७ ते १९८० या काळात जास्त दुर्बिणी जोडून ३सी २७३चे नकाशे काढले गेले, तेव्हा तीच गाठ दर नकाशात पुढे गेलेली दिसली. तेव्हाच्या हिशोबाने तीन वर्षांत सुमारे २५ प्रकाशवर्षं.

आता गणित. अवघड वाटलं तरी एकदा कागदावर करून बघाच. गाठ प्रकाशाच्या ९८ टक्के वेगाने निघाली आहे आणि तिची दिशा आपल्या नजरेच्या रेषेशी साडेअकरा अंशांचा कोन करते, असं धरा. दहा वर्षांत ती ९.८ प्रकाशवर्षं जाईल. त्यातली ९.६ आपल्या दिशेने, आणि आडवी जेमतेम दोन. सुरुवातीला सोडलेला प्रकाश त्या दहा वर्षांत दहा प्रकाशवर्षं पुढे आला, पण गाठही त्याच्या मागोमाग ९.६ आली. म्हणून तिने शेवटी सोडलेला प्रकाश पहिल्याच्या मागे फक्त ०.४ वर्षाने, म्हणजे पाच महिन्यांच्या आत पोचतो. पाच महिन्यांत दोन प्रकाशवर्षं! भागाकार केला की प्रकाशाच्या जवळपास पाचपट वेग येतो. कुठलाही नियम मोडलेला नाही.

म्हणून "नुसता भास" हे मला खटकतं. सावकाश जाणारी वस्तू असा देखावा उभाच करू शकत नाही. पाचपट वेग दिसला, याचाच अर्थ खरा वेग प्रकाशाच्या ९८ टक्क्यांच्या खाली असणं शक्य नाही, आणि झोत बराचसा आपल्या दिशेने वळलेला आहे. इतक्या दुरून नुसत्या नकाशांवरून एवढं कळतं, याचं मला आजही अप्रूप वाटतं.

नकाशे जुळवण्यात एक मेख आहे. चित्र तयार करताना आकाशातली अचूक जागा हातातून निसटते, म्हणून झोताचा उगम स्थिर धरून सगळे नकाशे त्यावर बसवायचे. एकदा माझ्या मालिकेत एक गाठ चक्क मागे गेलेली दिसली. आठवडाभर मी त्या नकाशावरून हटले नाही. शेवटी सापडलं, की त्या दिवशी एका डिशच्या नोंदी अर्ध्या वेळच्याच होत्या. ती डिश वगळून सगळ्या तारखांचे नकाशे पुन्हा काढले आणि गाठ जागेवर आली. तेव्हापासून एकट्या नकाशावर मी विश्वास ठेवत नाही, निदान पाच-सहा तारखा लागतात.

झोत दोन्ही बाजूंना निघतात. पण वरच्या उदाहरणातल्या वेगाला आणि कोनाला आपल्याकडे येणारा झोत पलीकडच्यापेक्षा हजारो पटींनी तेजस्वी दिसतो, आणि दूर जाणारा आमच्या दुर्बिणींच्या आवाक्याबाहेर राहतो. ३सी २७३च्या माझ्या सगळ्या नकाशांत ती बाजू कोरी आहे. नवा नकाशा पडद्यावर आला की माझी नजर आधी तिथेच जाते.