हेल्मेटच्या आधी मान बघा

हल्ली ओळखीच्या-अनोळखी बऱ्याच जणी मला बाळाच्या डोक्याचा वरून काढलेला फोटो पाठवतात आणि विचारतात, ताई हे नॉर्मल आहे का, हेल्मेट लागेल का? (हेल्मेट म्हणजे गाडीवरचं नाही, एका बाजूनं चपटं झालेलं डोकं सुधारायला बाळाला मापानं बनवून घालतात ते.) फोटो बघून मी काय सांगणार, मी डॉक्टर नाही. पण आमच्या मुलाला हेल्मेट लागलं, आणि तेव्हा रात्री-रात्री मोबाईलवर शोधूनही मराठीत धड काही मिळालं नव्हतं, म्हणून जे कळलं ते एकदा नीट लिहून ठेवते. लांबलंय, पण वाचा.

डोकं चपटं दिसलं की घरातल्या सगळ्यांचं लक्ष डोक्याकडे जातं. पण आधी बघायची ती मान. आमच्या पिल्लूची मागची उजवी बाजू बसलेली, उजवा कान जरासा पुढे सरकलेला आणि कपाळही त्याच बाजूनं पुढे आलेलं, म्हणजे वरून बघितलं की शाळेत समांतरभुज चौकोन काढायचो ना तसं डोकं. आणि हे सगळं झालं कशामुळे, तर मानेचा डावीकडचा स्नायू आखडलेला. त्यामुळे तोंड कायम उजवीकडे, झोपेतही उजवीकडे, मग भार येऊन येऊन तीच बाजू चपटी. मान अशी आखडण्याला टॉर्टिकॉलिस म्हणतात. बाळाची कवटी पहिल्या काही महिन्यांत इतकी मऊ असते की एवढं पुरतं.

हे आधी लक्षात कुणाच्या आलं माहितीये? पंचवटीतून बाळाला न्हाऊ घालायला येणाऱ्या मावशींच्या. पायावर घेतल्या घेतल्या म्हणाल्या, "पोरी, याची मान डावीकडं पुरती वळंना, अडती बघ." मग मी खुळखुळा उजवीकडून डावीकडे नेऊन बघितला तर डोळे शेवटपर्यंत जायचे, मान मध्येच थांबायची आणि मग अख्खं अंगच फिरायचं. एका बाजूला पाजताना तो कुरकुरायचा त्याचंही कारण हेच निघालं. मावशींना डोकं दाबून गोल करून द्यायचं होतं, ते मात्र डॉक्टरांनी स्पष्ट नाही सांगितलं, दाबून आकार येत नाही आणि बाळाला इजा होऊ शकते. तेल-मालीश चालू ठेवा म्हणाले. मावशींनीही ऐकलं, नुसतं ऐकलं नाही तर मानेचा व्यायाम फिजिओकडून माझ्याबरोबर शिकून घेतला.

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची. बालरोगतज्ज्ञांकडून एक खात्री करूनच घ्या की कवटीचे सांधे वेळेआधी जुळलेले नाहीत ना. त्याला क्रॅनिओसिनोस्टोसिस म्हणतात, तो वेगळा आणि कमी आढळणारा आजार आहे, त्यात बहुतेकदा ऑपरेशन लागतं, नुसत्या हेल्मेटनं काम होत नाही. आमच्या डॉक्टरांनी बोटांनी सगळे सांधे चाचपले, टाळू बघितली, डोक्याचा घेर आधीच्या नोंदींशी ताडून बघितला आणि मगच हे झोपण्यामुळे आलेलं आहे, मेंदूच्या वाढीला यानं काही होत नाही असं सांगितलं. ते ऐकेपर्यंत मला अन्न गोड लागत नव्हतं.

आता राईच्या उशीबद्दल, कारण यावर घराघरात वाद आहेत. आमच्याकडे सासूबाईंनी मऊ कापडाची, आत राई भरलेली उशी स्वतः शिवून ठेवली होती, किती प्रेमानं, टाके बघितले असते तर कळलं असतं. पण झोपलेल्या बाळाजवळ उशी नको, गुदमरायचा धोका असतो, आणि अमेरिकेच्या एफडीएनं, म्हणजे औषधं आणि वैद्यकीय उपकरणांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी संस्थेनं, तर 2022 मध्ये डोक्याला आकार देणाऱ्या उशा वापरू नका असं जाहीरच सांगितलं. मग चपटं होतंय म्हणून पालथं झोपवायचं का? अजिबात नाही! बाळाला पालथं झोपवू नका असं अमेरिकेत 1992 पासून सांगायला लागले, 1994 मध्ये पाठीवर झोपवायची मोठी मोहीम निघाली आणि झोपेत अचानक दगावणाऱ्या बाळांचं प्रमाण जवळपास निम्म्यावर आलं. चपट्या डोक्याची मुलं तेव्हापासून जास्त दिसायला लागली हे खरं, पण डोक्याच्या आकारासाठी कुणी तो धोका घेऊ नये, माझं तर ठाम मत आहे. झोप पाठीवर आणि जागेपणी, आपण समोर बसून, पालथं घालायचं. सासूबाईंना डॉक्टरांनी समजावलं तेव्हा त्यांनी ती उशी स्वतःच कपाटात ठेवली.

फिजिओनं मान ताणायचे व्यायाम शिकवले, ते प्रत्येक डायपर बदलताना करायचे. पलंगावर त्याची दिशा फिरवली, म्हणजे खिडकी आणि आम्ही दोघं डावीकडे आलो. कडेवर घेताना मान डावीकडे वळेल असं घ्यायचं. मान सुटली हो, छान सुटली. पुष्कळ बाळांचं डोकंही एवढ्यानंच सुधारतं, हे आवर्जून सांगते कारण हेल्मेट सगळ्यांना लागत नाही. आमच्या बाळाच्या डोक्याच्या दोन बाजूंतला फरक मात्र मोजल्यावर जास्तच राहिला होता.

हेल्मेटबद्दल डॉक्टरांमध्येही एकमत नाही. नेदरलँड्समध्ये 84 बाळांवर केलेला एक अभ्यास 2014 मध्ये बीएमजे या ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात आला, त्यात हेल्मेट घातलेली आणि न घातलेली मुलं दोन वर्षांची झाली तेव्हा त्यांच्या डोक्यात फारसा फरक दिसला नाही. पण टॉर्टिकॉलिस असलेली बाळं त्या अभ्यासात घेतलीच नव्हती. 2016 मधल्या अमेरिकेतल्या न्यूरोसर्जन लोकांच्या सूचना म्हणतात की व्यायाम आणि कुशी बदलूनही मध्यम ते जास्त वाकडेपणा राहिला तर हेल्मेट द्यावं. आमचं बाळ नेमकं या दुसऱ्या गटातलं. आणि थांबून बघू म्हणायलाही वेळ नसतो, कारण हेल्मेट डोकं दाबत नाही, ते उंच बाजूला नुसतं धरून ठेवतं आणि चपट्या बाजूला वाढायला जागा देतं, म्हणजे काम करते ती बाळाची स्वतःची वाढ. पहिल्या तीन महिन्यांत घेर महिन्याला साधारण 2 सेंटीमीटर वाढतो, तीन महिन्यांनंतर त्याच्या निम्म्यानं, सहा महिन्यांनंतर अजून कमी. म्हणून बाळ चार ते सहा महिन्यांचं असताना सुरू केलेलं जास्त उपयोगी पडतं आणि वर्षानंतर फारसं हाती लागत नाही.

मापासाठी आम्ही मुंबईला गेलो, कसारा घाट उतरताना तो झोपला ते थेट तिथे पोचल्यावर उठला. डोक्यावर मोज्यासारखी घट्ट जाळीची टोपी चढवून, बाबांच्या मांडीवर बसवून स्कॅन झालं, मिनिटभराचं काम.

23 तास घालायचं, एक तास सुट्टी, अंघोळ आणि सफाई त्यात. आणि आमचं सुरू झालं ऐन मार्चमध्ये! नाशिक थंड हवेचं म्हणतात पण एप्रिल-मेला पारा चाळीशी गाठतो, हे इथे राहणाऱ्यांना विचारा. पहिला आठवडा डोकं नुसतं घामानं निथळायचं, मग शरीराला सवय झाली. घरात पातळ सुती झबलं, समोरून उघडणारं, कारण डोक्यातून घालायचे कपडे हेल्मेटवरून जातच नाहीत. रोज आतला फोम स्पिरिटनं पुसून पंख्याखाली पूर्ण कोरडा करायचा, डोकं धुवून तेही कोरडं करायचं, आत तेल-पावडर काही नाही. तरी कुबट वास येतो, अगदी पावसाळ्यात न वाळलेल्या बुटांचा, घाबरू नका. काढल्यावर कपाळावर गुलाबी वळ दिसतो. तो तासाभरात गेला पाहिजे, नाही गेला किंवा कातडी सोलवटली तर हेल्मेट बनवणाऱ्यांना लगेच फोन करायचा, ते आतून घासून जागा करून देतात. आम्हालाही कानामागे असं एकदा करून घ्यावं लागलं.

लोक विचारतात, त्याची तयारी ठेवा. पडला का, ऑपरेशन झालं का, गाडीवर पुढे बसवता का... कॉलेज रोडला एका काकूंनी तर डोळ्यांत पाणी आणून त्याच्या पायांना हात लावला. मी सगळ्यांना एकच वाक्य सांगायचे, "डोक्याला आकार यायला आहे, त्याला दुखत नाही, काही महिन्यांत निघेल." बहुतेक लोक चांगले असतात, त्यांना फक्त माहीत नसतं. सासूबाई रोज संध्याकाळी गालावर तीट लावायच्या आणि मग एक हेल्मेटवरही लावायच्या, रोज सफाईत पुसली जायची, रोज परत लावायच्या. मला ते फार आवडायचं.

आता हेल्मेट निघालंय. डोकं पूर्ण गोल झालं नाही, उजवा कान अजून किंचित पुढे आहे, पण केस वाढलेत आणि मान दोन्हीकडे सारखी वळते. खर्चाचं म्हणाल तर आकडा सेंटरप्रमाणे आणि हेल्मेटप्रमाणे बदलतो, म्हणून पैसे भरायच्या आधी विचारा की नंतरच्या फेऱ्या, आतली घासाघाशी आणि शेवटचं स्कॅन त्यातच धरलंय का, आणि पहिल्या स्कॅनचा रिपोर्ट कागदावर मागून घ्या. आणि बाळ तीन-चार महिन्यांचं असेल तर आजच खुळखुळा घेऊन मान दोन्हीकडे फिरते का बघा, अडत असेल तर पुढच्या लसीची वाट न बघता दाखवून या.