कोणाचा रोहू कोणाच्या पोटचा?

प्रबंधासाठी रोहू मासा घेतला तेव्हा घरच्यांना वाटलं, पोरगी आता सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसणार. प्रत्यक्षात पहिला पावसाळा ओडिशातल्या एका तळ्यावर, चिखलात गेला.

काम ऐकायला सोपं: भराभर वाढणारे मासे निवडायचे आणि पुढची पिढी त्यांच्याकडून घ्यायची. भुवनेश्वरजवळच्या कौसल्यागंगेतल्या 'सीफा' या गोड्या पाण्यातल्या मत्स्यशेतीच्या संशोधन संस्थेने नॉर्वेच्या मदतीने हे १९९२ साली सुरू केलं. गंगा, यमुना, ब्रह्मपुत्रा, सतलज आणि गोमती या नद्यांतले रोहू त्यासाठी आणले होते. १९९७ मध्ये 'जयंती' रोहू आला. स्वातंत्र्याचं सुवर्णमहोत्सवी वर्ष म्हणून ते नाव. माझा प्रश्न त्याच वाटेवरचा, पण छोटा होता: कुठल्या जोडीची पिल्लं जास्त वाढतात?

रोहू साचलेल्या पाण्यात स्वतःहून अंडी घालत नाही. हिरालाल चौधुरींनी १९५७ मध्ये माशांच्या पियुष ग्रंथीचा अर्क टोचून ती अडचण सोडवली. आता तयार संप्रेरकाचं इंजेक्शन मिळतं. नर ओळखायचा तर छातीच्या पराला बोट लावायचं, खरखरीत लागतं. मादीचं पोट मऊ आणि फुगीर. संध्याकाळी इंजेक्शन दिलं की पहाटेपर्यंत हापा, म्हणजे पाण्यात बांधलेली कापडी जाळीची पेटी, अंड्यांनी भरतो. पारदर्शक अंडी फळलेली, पांढरट पडलेली वाया. रात्रभर जागून ती मोजण्यात मला भलतीच मजा यायची.

कंटाळवाणं प्रकरण त्यानंतरचं. जिरे, म्हणजे अंड्यातून नुकतीच निघालेली पिल्लं, सगळे सारखेच दिसतात, आणि एवढ्याशा जिवाला खूण तरी कुठे करणार? म्हणून प्रत्येक जोडीची पिल्लं वेगळ्या तळ्यात. पण एखाद्या तळ्यात प्लवंग, म्हणजे पिल्लं खातात ते पाण्यातले सूक्ष्म जीव, जास्त असले की तिथली पिल्लं टरारून वाढतात, आणि आपण आईबापांचा गुण मोजतोय असं समजून खरं तर तळं मोजत असतो! संख्या सारखी, खाद्य सारखं, तरी धाकधूक राहतेच. उपाय एकच, पिल्लं दहा-पंधरा ग्रॅमची झाली की खूण करून सगळी एकाच तळ्यात सोडायची.

खूण म्हणजे काचेच्या आवरणातली चिप, तांदळाच्या दाण्याहून जराशी लांब. तिच्यात बॅटरी नसते. रीडर जवळ नेला की नंबर दिसतो. आदल्या दिवशी खाद्य बंद. मग लवंगतेलाच्या पाण्यात मासा सुस्त करायचा, सुईने चिप पोटाच्या पोकळीत सारायची, रीडर फिरवायचा, वजन घ्यायचं, ताज्या पाण्यात सोडायचा. एक जण टोचतो, दुसरा नंबर मोठ्याने वाचतो, तिसरा लिहितो. लिहिणारा दमला की काम थांबवायचं, हा आमच्या सरांचा नियम मला सगळ्यात शहाणपणाचा वाटला. कूळ म्हणजे एका जोडीची पिल्लं, आणि चुकीच्या कुळात नोंदवलेला मासा पुढे कुणालाही सापडत नाही.

काढणीच्या वेळी पुन्हा रीडर, पुन्हा वजन. काही चिपा गळून पडलेल्या असतात, ते मासे हिशेबातून बाद. उरलेल्यांच्या आकड्यांवरून कुठली कुळं सरस ते ठरतं, पण सरसकट सगळे मोठे मासे घेता येत नाहीत. एकाच कुळातले फार घेतले तर पुढे नात्यातच पैदास होते, म्हणून काही चांगले दांडगे मासे वगळावे लागले. गावी शेततळं असलेल्या मामाला हे अजून पटलेलं नाही. "अगं, मोठा मासा सोडून बारका घेतलास? कसलं गं तुझं संशोधन?" यंदा त्याला तळ्यात सोडायला मत्स्यबीज, म्हणजे माशांची पिल्लं, घ्यायचंय, तेव्हा वंशावळीचा तक्ता घेऊनच जाणार आहे.