फ्लोट दिसेनासा होतो ती वीस मिनिटं

काल सूर्य बुडून २८ मिनिटं झाली होती आणि मला फ्लोट, म्हणजे मासा लागल्याची खूण देणारा गळाच्या दोरीवरचा तरंगता तुकडा, दिसत होता. काळा, उभा, स्वच्छ. आधी दोनदा नुसता थरथरला, मग बोटभर वर आला आणि पाण्यावर आडवा पडला. झटका मारला तसा रॉड वाकला आणि रिळाचा ड्रॅग (दोरीचा ब्रेक) करकरत सुटला. सात-आठ मिनिटांनी जाळीत आला तो सायप्रिनस, म्हणजे कार्प मासा. जाळीचं वजन वजा जाता ३ किलो २०० ग्रॅम. हुक खालच्या ओठात, अगदी मधोमध. ओल्या चटईवर ठेवून हुक काढला, मग जाळीतच पाण्यात धरून ठेवला. शेपटीत जोर आला तसा हाताला हिसका देऊन गेला.

याहून मोठे मासे उन्हाळ्यात मिळाले होते, त्यांच्यावर मी दोन ओळींच्या वर लिहिलं नाही. आज लिहितोय ते त्या फ्लोटसाठी.

मागच्या दोन नोंदी वाचलेल्यांना आठवत असेल, शरद सुरू झाल्यापासून माझ्या नऊ संध्याकाळी कोरड्या गेल्या. रडगाणं दरवेळी तेच. सूर्य बुडेपर्यंत फ्लोट ढिम्म, आणि उजेड जायला लागला की चाऱ्यावर बुडबुडे. मासा आलाय हे नक्की, पण लाइन गुंडाळून बघावं तर हुकावरचा मका गायब. मी हुक ६ नंबरवरून ८ आणि मग १० वर आणला (नंबर वाढला की हुक लहान). लीडर, म्हणजे हुकाजवळची बारीक दोरी, ०.२२ वरून ०.१६ मिमी केला. मका सोडून गांडूळ लावलं, गांडूळ सोडून कणीक. दोन संध्याकाळी नुसत्या दोरीला वजन देणाऱ्या शिशाच्या मण्यांच्या जागा बदलण्यात गेल्या. बाईट, म्हणजे माशाचे चावे, मात्र पहिल्या दिवसापासून व्यवस्थित येत होते. मला ते दिसत नव्हते, एवढीच काय ती अडचण होती, आणि ती कळायला मला महिना लागला.

शरदात हे जास्त छळतं त्याला कारण आहे. संधिप्रकाश वर्षातला सगळ्यात आखूड असतो तो विषुवदिनाच्या आगेमागे. सूर्य या दिवसांत सर्वांत सरळ खाली जातो. मावळल्यापासून क्षितिजाखाली ६ अंश जाईपर्यंत त्याला विषुववृत्तावर जेमतेम २१ मिनिटं लागतात, ५० अंश अक्षांशावर सुमारे ३२. उन्हाळ्यात उजेड रेंगाळतो, डोळ्यांना सवय व्हायला वेळ मिळतो. आता तिन्हीसांजा येतात आणि जातात, आणि सायप्रिनस नेमका तेवढ्यात काठाशी येतो.

सुरुवात लाल टोकापासून करतो. लाल टोकाचा फ्लोट दुपारी लांबूनही डोळ्यांत भरतो, आणि दिवेलागणीला तोच सर्वांत आधी विझतो. १८१९ च्या सुमारास यान पुर्किन्ये या चेक शास्त्रज्ञाच्या लक्षात आलं होतं की दिवसा झळाळणारी लाल फुलं अंधुक उजेडात काळपट दिसतात आणि शेजारची पानं मात्र उजळ. भरपूर उजेडात डोळ्यातल्या शंकुपेशी काम करतात, त्यांची नजर ५५५ नॅनोमीटरच्या पिवळट हिरव्यावर सर्वांत तीक्ष्ण. अंधारात काम दंडपेशींकडे जातं, त्यांचा कल ५०७ च्या आसपास, निळसर हिरव्याकडे. गडद लाल त्यांना जवळजवळ दिसतच नाही. बाजारातले निम्म्याहून अधिक फ्लोट तरीही लाल किंवा नारिंगी टोकाचे का असतात ते मला उमगलेलं नाही. दिवसा उत्तम, संध्याकाळी कुचकामी, हे माझं ठाम मत.

म्हणून टोक पिवळट हिरव्या फ्लोरोसंट रंगाने रंगवलं. आधी पांढऱ्याचा एक हात, वाळल्यावर वर पिवळट हिरव्याचे दोन. पांढरा हात चुकवू नका, थेट लाकडावर लावलेला फ्लोरोसंट रंग मळकट दिसतो. याने सात-आठ मिनिटं मिळाली. सूर्य बुडाल्यावर आकाशातून येणाऱ्या उजेडात निळा भाग जास्त असतो आणि फ्लोरोसंट रंग तोच शोषून उजळतो, त्यामुळे काही वेळ टोक आतून पेटल्यासारखं दिसतं. त्या संध्याकाळी मी फार खूश होतो. मग उजेड आणखी उतरला, टोक राखाडी झालं आणि पाण्याच्या राखाडीत मिसळून गेलं.

पुढचा टप्पा प्रकाशकांडी. ४.५ मिमी जाडीची, ३७ मिमी लांब, मोडून हलवायची ती. टोकावर रबरी नळीने बसवली. कांडी माझ्या वजनकाट्यावर ०.६ ग्रॅम भरली. २ ग्रॅमच्या फ्लोटवर एवढा भार म्हणजे मणी काढून तोल परत साधावा लागला, आणि तरी वरचं वजन वाढल्यामुळे फ्लोट डोलत राहिला. शिवाय थंडी वाढली की आतली रासायनिक क्रिया मंदावते, कांडी जास्त वेळ चालते पण अंधुक चालते. एका पाकिटातल्या दोन कांड्या न मोडताच मेलेल्या निघाल्या. हे सगळं सोसलं असतं, पण पेटलेली कांडी आणि पाण्यातलं तिचं प्रतिबिंब मिळून एकच हलता ठिपका दिसायचा. चार-पाच मिलिमीटरची हालचाल त्यात हरवायची. पूर्ण काळोखात, फ्लोट सरळ खाली नेणाऱ्या माशासाठी कांडी चांगली. सायप्रिनस मात्र मका तोंडात ओढतो, थुंकतो, परत ओढतो, तेव्हा फ्लोट फक्त कुजबुजतो. सीआर ४२५ या छोट्या सेलवर चालणारा एलईडी फ्लोटही आणून पाहिला. तोच दोष, आणखी प्रखर.

इथे हेडलॅम्पबद्दल बोलल्याशिवाय राहवत नाही. अंधाराला डोळे पूर्ण सरावायला अर्धा तास लागतो आणि एका पांढऱ्या झोताने ती सगळी कमाई जाते. लाल दिवा दंडपेशींना फारसा जागवत नाही, म्हणून मका लावायला मी लाल दिवा वापरतो. पण माझ्या हेडलॅम्पचं बटण दाबलं की आधी पांढरा लागतो, मग मंद पांढरा, आणि तिसऱ्या दाबाला लाल. घेताना हे बघाच: लाल दिव्याला स्वतंत्र बटण हवं. मी सध्या काचेवर लाल प्लॅस्टिकच्या कागदाचे तीन थर चिकटवून भागवतोय.

सातव्या की आठव्या संध्याकाळी मामा सोबत आले होते. माझा फ्लोट गेला, त्यांचा शेजारचा दिसत होता. त्यांना.

"मामा, तुम्हाला खरंच दिसतोय?"

"दिसतोय की. तू टक लावून बघतोस म्हणून जातोय तुझा. त्याच्याकडे नको बघूस, शेजारच्या काडीकडे बघ."

बघितलं तर फ्लोट डोळ्याच्या कडेला हजर. नजरेच्या अगदी मध्याशी दंडपेशी नसतातच, तिथे फक्त शंकुपेशी. त्यामुळे अंधारात एखाद्या बारीक गोष्टीकडे थेट बघितलं की ती नाहीशी होते आणि जरा बाजूला बघितलं की परत येते. अंधूक तारे बघणाऱ्यांना ही युक्ती पाठ असते. मला ती मामांकडून मिळाली आणि पाच मिनिटांची भर पडली. पण असं बाजूला बघत राहणं थकवतं, आणि तासाभराने काडी थरथरली की फ्लोट, हेच कळेनासं होतं.

आता कालची गोष्ट. दुपारीच जाऊन बसलो होतो आणि पाणी स्थिर होतं. समोरच्या काठावरची झाडं पाण्यात उलटी दिसत होती आणि माझा फ्लोट त्या उलट्या झाडांच्या ऐन मधोमध होता. दुपारी त्याचं काही वाटलं नाही. मग डोक्यात आलं की संध्याकाळी हीच झाडं काळी होणार, आणि काळ्यावर कुठलंही टोक काळंच. महिनाभर मी टोकाचा रंग बदलत होतो आणि मागच्या पडद्याकडे लक्षच दिलं नव्हतं.

हिशेब सोपा आहे. बसल्यावर माझा डोळा पाण्यापासून साधारण १ मीटर वर. फ्लोट १२ मीटरवर. म्हणजे नजर पाण्याशी पावणेपाच अंशांचा कोन करते, आणि पाणी तेवढ्याच कोनाने वरचं काही दाखवतं. समोरचा काठ ८० मीटरवर, झाडं दहाएक मीटर उंच, म्हणजे सात अंश. हात लांब करून मूठ धरली तर मूठ साधारण १० अंश भरते; झाडं मुठीच्या पाऊण भागापर्यंत पोचत होती. १२ मीटरवर मला आकाश मिळणारच नव्हतं. फ्लोट ६ मीटरवर आणला तर कोन साडेनऊ अंश होतो, नजर झाडांच्या शेंड्यांवरून निघते आणि थेट मावळतीचं आकाश फ्लोटच्या मागे येतं.

म्हणून जवळ टाकलं. टोकावर काळ्या चिकटपट्टीचे दोन वेढे दिले. पिवळट हिरव्यावर काळं फासताना हात अडखळला, इतक्या मेहनतीने रंगवलेलं टोक ते. पण उजळ पाण्यावर काळी आकृतीच सर्वांत टिकते, तिला रंग लागत नाही. सूर्य बुडाला, समोरचा काठ काळा झाला, त्याच्या अलीकडे पाण्याचा एक फिकट जांभळा पट्टा उरला आणि त्यात माझा फ्लोट टाचणीसारखा उभा. २८ मिनिटं. त्यानंतरही सात-आठ मिनिटं दिसत होता, पण तोवर मासा जाळीत आला होता.

सहा मीटरवर मासा येईल का ही धाकधूक होती. उजेड असताना नसता आला. अंधार पडता पडता काठावरची चाहूल थांबते आणि तो उथळ पाण्यात चरायला येतो, फक्त मला पाय न आपटता बसावं लागलं.

एक गोष्ट योगायोगाने झाली. जवळ पाणी हातभर उथळ निघालं, मी फ्लोट खाली सरकवला पण अंदाज चुकला आणि खालचा मणी तळाला टेकला. लाइनला ताण दिल्यावर फ्लोट उभा राहिला. म्हणून माशाने मका उचलताना मणीही उचलला गेला आणि फ्लोट बुडायच्या ऐवजी वर आला. मणी तळाला टेकवून फ्लोट असा वर यायला लावणारी ही मांडणी, लिफ्ट रिग, आपल्याला नवी नाही, पण मी ती कधी संध्याकाळसाठी अशी मुद्दाम लावली नव्हती. आणि आता हे लिहिताना लक्षात येतंय: बुडणारा फ्लोट आणि नजरेतून निसटलेला फ्लोट अंधारात सारखेच दिसतात, दोन्ही वेळा टोक नाहीसं होतं. वर येणाऱ्या फ्लोटचं तसं नाही. काळी आकृती वाढते, आडवी होते. तिच्याबद्दल शंकाच उरत नाही.

तेव्हा या नोंदीच्या शेवटी अंधारात चमकणाऱ्या रंगाचा बेत सांगणार होतो, तो बाजूला ठेवतोय. स्ट्राँशियम अॅल्युमिनेटची पूड आणून ठेवली आहे, पण ती ओलाव्याने खराब होते, वर एपॉक्सीचा थर द्यावा लागतो, आणि उजेड पाजायला दर वेळी गळ बाहेर काढावा लागतो. त्याऐवजी लिफ्टसाठी जाड टोकाचे तीन फ्लोट करायला घेतो. टोक ६ मिमी, काळं, चकाकी नसलेलं. खालचा मणी टंगस्टनचा. त्याची घनता १९.३, शिशाची ११.३, म्हणजे तेवढंच वजन बऱ्याच लहान आकारात बसतं आणि माशाच्या ओठाला कमी जाणवतं. शिसं तसंही सोडायचंच आहे. ब्रिटनमध्ये हंस शिशाचे मणी गिळून मरत होते म्हणून १९८७ पासून लहान शिशाच्या मण्यांवर बंदी आहे. आपले पाणपक्षीही तळातला चारा तसाच टिपतात.

नदीवर यातलं काही चालणार नाही. वाहत्या पाण्यावर प्रतिबिंब तुटतं, उजळ पट्टा टिकत नाही. तिथे मी फ्लोट सोडून रॉडच्या टोकाकडे बघणार आहे: शेवटच्या १० सेंटीमीटरला पांढरा रंग आणि रॉड असा ठेवायचा की टोकामागे समोरचा काळा काठ येईल. तळ्यावर काळं उजळावर, नदीवर उजळ काळ्यावर.

एक कटकट राहिलीच. विषुवदिनाच्या सुमारास सूर्य मावळण्याची जागा रोज जवळजवळ अर्धा अंश सरकते, उत्तर गोलार्धात दक्षिणेकडे. तीन आठवड्यांत एक मूठभर. कालची माझी जागा महिनाभरापूर्वीच्या मावळतीसमोर होती, पट्ट्याचा डावा भाग जास्त उजळ दिसत होता तो त्यामुळेच. पुढच्या खेपेला दहा पावलं उजवीकडे सरकून बसतो, म्हणजे तोच उजळ भाग फ्लोटच्या मागे येईल. मात्र तिथे काठ उंच आहे, डोळा दीड मीटरवर जाईल. मग नऊ मीटरवर टाकूनही तोच साडेनऊ अंशांचा कोन मिळतो, आणि नऊ मीटरवर तळाला गवत आहे. चारा आज रात्रीच तिथे टाकून येतो.