नणंदेने गोळ्यांचं नाव विचारलं

रविवारी नणंदेचा फोन आला. "वहिनी, तू बीजांसाठी त्या गोळ्या घ्यायचीस ना, नाव पाठव गं." तिला नुकतंच पस्तिसावं लागलंय, मूल व्हावं म्हणून आठ महिने प्रयत्न चाललेत. मेसेज लिहायला घेतला आणि पाठववेना.

मी छत्तिसाव्या वर्षी को-एन्झाइम क्यू टेन सुरू केलं. 200 मिलिग्रॅमच्या दोन कॅप्सूल, जोडीला ई जीवनसत्त्व. हे औषध तेला-तुपाबरोबर चांगलं अंगी लागतं, म्हणून डब्यात वरणभातावर तूप जास्त घालून न्यायचे आणि जेवून झालं की झाकणात काढून ठेवलेल्या त्या तांबूस, टम्म कॅप्सूल घ्यायचे. एक दिवस चुकवला नाही. सासूबाईंनी विचारलं की, "गोळ्या चालू आहेत, आई." नवऱ्यालाही तेच. असे चौदा महिने गेले. ज्या डॉक्टरांनी गोळ्या लिहून दिल्या, त्यांनी ना सोनोग्राफी सांगितली, ना एएमएच, म्हणजे बीजांचा साठा किती उरलाय याचा अंदाज देणारी रक्ततपासणी. तो राग अजून गेलेला नाही. दुसऱ्या डॉक्टरांकडे गेले तेव्हा एएमएच 0.7 निघालं, म्हणजे साठा कमी.

नंतर मी या विषयावर मिळेल ते वाचलं. बाईची सगळी बीजं ती आईच्या पोटात असतानाच तयार होतात. जन्माच्या वेळी दहा-वीस लाख, वयात येताना तीन-चार लाख. म्हणजे माझं छत्तिसाव्या वर्षीचं बीज छत्तीस वर्षं थांबून राहिलेलं. एवढ्या काळात त्यातली गुणसूत्रं एकत्र धरून ठेवणारी प्रथिनं सैल पडतात, वाटणी चुकते, म्हणून गर्भ रुजत नाही किंवा पडतो. पेशीला ऊर्जा देणारी मायटोकॉन्ड्रियाही थकतात, आणि क्यू टेनचं काम तिथे आहे. 2015 साली टोरांटोच्या संशोधकांनी वय झालेल्या उंदीर-माद्यांना ते दिलं, तेव्हा त्यांची बीजं सुधारली. आशा खोटी नव्हती. पण बायकांचं काय? कॉक्रेन ही संस्था झालेल्या चाचण्या एकत्र करून तपासते; तिच्या 2020 च्या आढाव्यात 63 चाचण्या आणि 7,760 बायका होत्या. क्यू टेनसारख्या अँटिऑक्सिडंटने मूल होण्याची शक्यता वाढत असेलही, पण पुरावा फार कच्चा, असं त्यांनी म्हटलंय. संपत आलेली बीजं पुन्हा भरून आणणारी गोळी तर नाहीच.

पस्तिशीनंतर सहा महिन्यांत दिवस राहिले नाहीत तर तपासून घ्यावं, असं डॉक्टर सांगतात. मला हे तेव्हा कुणी सांगितलं असतं तर! अडतिसाव्या वर्षी आयव्हीएफ केलं. तीन बीजं मिळाली, एकच गर्भ पाचव्या दिवसापर्यंत वाढला, तोही रुजला नाही. वर्षभर आधी गेले असते तर काय झालं असतं, याचं उत्तर कुणाकडे नाही. पण ते वर्ष माझ्या हातात होतं.

मग तिला फोनच लावला. गोळ्यांचं नाव सांगितलं, घ्यायच्या तर डॉक्टरांना विचारून घे म्हटलं. फोलिक अॅसिड घेतेस का, ते विचारलं, घेत नव्हती. नवऱ्याचीही तपासणी त्याच आठवड्यात करा म्हटलं, तर थोडी गप्प झाली. मग विचारलं, "पाळी कधी येईल?"

"अठराच्या आसपास."

दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सोनोग्राफीत बीजं असलेल्या बारीक पिशव्या मोजतात, एएमएचचं रक्तही तेव्हाच देता येईल. मी एकोणीस आणि वीस, दोन्ही दिवस रजा टाकली आहे. तिच्याबरोबर मी जाणार.