शब्द कळतो, पण वापरता येत नाही

इंग्रजी बातमी वाचली की समजते, भाषणही बऱ्यापैकी कळतं. लिहायला बसलं की मात्र 'व्हेरी गुड', 'व्हेरी इम्पॉर्टंट' आणि 'मेनी थिंग्ज' यांच्यापलीकडे गाडी सरकत नाही. इथे अडकलेले लोक अवघड शब्दांच्या याद्या पाठ करू लागतात. यादीतला 'ऑब्स्ट्रेपरस' वाचनात वर्षभर पुन्हा भेटत नाही आणि भेटला नाही की विसरतो.

शब्द निवडताना तो किती वेळा वापरला जातो हे आधी बघावं. अ‍ॅव्हरिल कॉक्सहेड या भाषा-अभ्यासिकेची अकॅडेमिक वर्ड लिस्ट २००० साली आली. तिच्यात ५७० शब्दकुटुंबं (मूळ शब्द आणि त्याची रूपं) आहेत आणि विद्यापीठीय स्वरूपाच्या मजकुरातले साधारण १० टक्के शब्द त्यांतलेच असतात. 'सिग्निफिकंट', 'डिराइव्ह', 'कन्सिस्टंट' हे सगळे त्यातलेच. ओळखीचे वाटतात म्हणून लोक त्यांना सोडून पुढे जातात. वाक्यात वापरायला सांगा, मग खरी ओळख किती ते कळतं.

वाचनासाठी पुस्तक निवडताना ३०० शब्दांचं एक पान घ्या आणि अनोळखी शब्द मोजा. पाच-सहा निघाले तर ते पुस्तक योग्य. पंधरा-वीस निघाले तर दर दोन-तीन ओळींना अडखळाल आणि संदर्भावरून अर्थ लावायला आधारच उरणार नाही.

आता फ्लॅशकार्ड, म्हणजे पुढे प्रश्न आणि मागे उत्तर असलेलं कार्ड. एका बाजूला 'रिलक्टंट' आणि दुसऱ्या बाजूला 'अनिच्छुक' असं कार्ड जवळपास निरुपयोगी, कारण 'अनिच्छुक' आपण मराठीतही क्वचितच बोलतो. पुढच्या बाजूला गाळलेल्या जागेचं वाक्य लिहा: 'शी वॉज ___ टू साइन द पेपर्स', आणि खाली 'आढेवेढे घेणारी' एवढाच इशारा. मागे शब्द, उच्चार आणि त्याचे सोबती: 'रिलक्टंट टू' पुढे क्रियापद, 'रिलक्टंट विटनेस', 'रिलक्टंटली अग्रीड'. उच्चार नुसता लिहू नका, ऐकून घ्या. छापील पानावरून शिकलेला 'इपिटमी' अनेकांच्या तोंडी जन्मभर 'एपिटोम' राहतो.

हे सोबतीच प्रगत पातळीवरचं खरं काम. इंग्रजीत पाऊस 'हेवी' असतो आणि चहा 'स्ट्राँग'. उलट करून चालत नाही. 'मिटिगेट'ला (तीव्रता कमी करणं) 'रिस्क', 'इफेक्ट', 'डॅमेज' चालतात. 'मिटिगेट अगेन्स्ट' मात्र चूक, तिथे 'मिलिटेट' (विरोधात जाणं) हवा. मराठीतलं 'विषयी' किंवा 'वर' डोक्यात असल्यामुळे 'डिस्कस अबाउट' आणि 'एम्फसाइझ ऑन' लिहिले जातात. या दोन्ही क्रियापदांना थेट कर्म लागतं.

उजळणी म्हणजे वही पुन्हा वाचणं नव्हे. उत्तर झाकून आठवा. आठवताना होणारा त्रासच शब्द पक्का करतो. त्याच संध्याकाळी, दुसऱ्या दिवशी, मग तीन दिवसांनी, आठवड्याने, महिन्याने असं अंतर वाढवत जा. अँकीसारखं फ्लॅशकार्डांचं अ‍ॅप हा हिशेब स्वतः ठेवतं, फक्त त्यातली रोज २० नव्या कार्डांची मूळ मर्यादा पाच ते सातवर आणा. नाहीतर काही आठवड्यांत रोजची उजळणी शेकड्यांत जाते आणि अ‍ॅपच उघडावंसं वाटत नाही. (बहुतेकांचा उपक्रम इथेच संपतो.)

समानार्थी शब्द एकत्र शिकू नका, हे उलटं वाटेल. पण 'रिलक्टंट', 'हेझिटंट' आणि 'अनविलिंग' एकाच दिवशी घेतले की तिघांची सरमिसळ होते. एक पक्का झाल्यावरच दुसरा घ्या. मूळ धातू आणि उपसर्ग लक्षात ठेवायला मदत करतात, अर्थ ओळखायला मात्र त्यांच्यावर विसंबू नका: 'इन्फ्लेमेबल' म्हणजे पेट घेणारं, न जळणारं नव्हे.

एखादं कार्ड सात-आठ वेळा चुकलं तर दोष सहसा कार्डाचाच असतो. वाक्य बदला, इशारा अधिक नेमका करा, नाहीतर ते सरळ काढून टाका. शब्द उपयोगाचा असेल तर वाचनात पुन्हा भेटेल.