पोर्ट ब्लेअर म्हणजे हॅवलॉकचा एसटी स्टँड नाही

अंदमानला जाऊन आलेल्या ज्या ज्या लोकांना विचारलं त्यांनी एकच सांगितलं, पोर्ट ब्लेअरला एक दिवस बास, सेल्युलर जेल बघायचा, तिथला लाईट अँड साऊंड शो बघायचा आणि सकाळच्या बोटीने हॅवलॉक बेट गाठायचं. आम्ही उलटं केलं. म्हणजे ठरवून नाही, आईचे गुडघे आणि बोटीत तिला होणारी उलटी या दोन कारणांनी आम्ही हॅवलॉक कॅन्सलच केलं आणि पाच दिवस पोर्ट ब्लेअरमध्येच राहिलो. (आता अधिकृत नाव श्री विजयपुरम आहे, २०२४ मध्ये बदललं, पण पाच दिवसांत एकाही माणसाच्या तोंडून मी ते ऐकलं नाही.)

आईचं माहेर देवळालीचं. सावरकरांचं जन्मगाव भगूर तिथून हाकेच्या अंतरावर, त्यामुळे सावरकर म्हणजे तिला आपल्या आळीतलेच वाटतात. विमान उतरताना वीर सावरकर एअरपोर्ट अशी अनाउन्समेंट झाली तेव्हाच डोळ्याला पदर लावला होता, म्हटलं आता जेलमध्ये काय होणार!

जेल १८९६ ते १९०६ अशी दहा वर्षं बांधत होते. मधे टॉवर आणि सायकलच्या चाकाला आरे असतात तशा सात इमारती, त्यातल्या तीनच उरल्यात. एका इमारतीचा व्हरांडा दुसरीच्या पाठीकडे येतो, त्यामुळे कुणाला कुणाचं तोंड दिसत नाही. फोटोत हे कळत नाही हो, तिथे उभं राहिल्यावर कळतं. दाराची कडी तर भिंतीत इतकी लांब खोबणीत आहे की आतून हात कितीही ताणा, पोचतच नाही, मी एका खोलीत जाऊन ट्राय केलं आणि मागचे काका हसले. सावरकरांची खोली तिसऱ्या मजल्यावर अगदी शेवटची, तिलाच एक जास्तीचं दार. १९११ ते १९२१. थोरले भाऊ बाबाराव त्याच जेलमध्ये होते आणि सुरुवातीला कित्येक दिवस दोघांना एकमेकांचा पत्ता नव्हता. आई आत गेली, हात जोडले, आणि मग माझ्या अंदाजाप्रमाणे रडली नाही. बाहेर येऊन म्हणाली, "खोली आपल्या देवघरापेक्षा मोठी आहे गं, पण खिडकी बघ कुठे आहे." खिडकी पार छताजवळ. खाली कोलू, म्हणजे तेलाचा घाणा, ठेवलाय, दिवसाला तीस पौंड खोबरेल काढायचं, बैलाच्या जागी माणूस. त्याच्यासमोर लोकांचा सेल्फी चालू होता, जाऊ दे.

पण मला लिहायचंय ते आमच्या ड्रायव्हरदादाबद्दल. पाचही दिवस तेच होते, साठीचे, तिकडचं ते गमतीदार हिंदी बोलणारे. पहिल्याच दिवशी आईने आपल्या सवयीने विचारलं, "आप मूळ कहां के?" तर म्हणाले, "यहीं के. प्री-फॉर्टीटू." मला वाटलं काहीतरी नोकरीची कॅटेगरी असेल! तर १९४२ मध्ये जपानी यायच्या आधीपासून जी घराणी इथे आहेत त्यांना तिथे असं म्हणतात. मग म्हणाले, "मेरा परदादा कतल में आया था." हे इतक्या सहज की जसं आपण सांगतो आजोबा रेल्वेत होते. आई दोन मिनिटं गप्प. मग हळूच मराठीत मला, "विचार ना, कोणाचा केला?" मी नाही विचारलं.

आपल्या डोक्यात काळं पाणी म्हणजे फक्त क्रांतिकारक. पण सेल्युलर जेल उभा राहायच्या कितीतरी आधी, मार्च १८५८ मध्ये, सत्तावनच्या बंडातले दोनशे कैदी पहिल्यांदा इथे उतरवले आणि नंतर वर्षानुवर्षं खून, दरोडे यांत जन्मठेप झालेले हजारो लोक येत राहिले. जंगल त्यांनीच तोडलं, रस्ते त्यांनीच केले, आणि नीट वागलं तर काही वर्षांनी जमीन मिळायची, बायका कैदी होत्या त्यांच्याशी लग्नं लावायचे. कोण कुठल्या प्रांताचा, कुठल्या जातीचा, सगळी सरमिसळ. दादांना त्यांची जात विचारायची आईची हिंमत झाली नाही हे मात्र मी नमूद करते, कारण नाशिकमध्ये ती पाच मिनिटांत विचारते.

दुसऱ्या दिवशी रॉस आयलंड, आता नाव नेताजी सुभाषचंद्र बोस द्वीप. जेट्टीवरून बोटीने दहा-पंधरा मिनिटं, आईची उलटी वाचली. इथे साहेब लोक राहायचे. बेकरी, क्लब, चर्च, पोहायचा तलाव, पिण्याचं पाणी शुद्ध करायचा प्लांट, सगळं. आणि आता त्या चर्चच्या भिंतींना वडा-पिंपळासारख्या झाडांची मुळं अशी आवळून बसलीत की भिंत मुळांना धरून उभी आहे की मुळं भिंतीला कळत नाही. १९४१ च्या भूकंपाने बेट खिळखिळं झालं, पुढच्या वर्षी जपानी आले, संपलं. साहेबांनी शिकारीसाठी आणलेली हरणं मात्र मजेत आहेत, आईच्या पिशवीतल्या दशमीवर एकीने डल्ला मारला.

जपान्यांचे बंकर अजून रस्त्याच्या कडेला आहेत. कॉर्बिन्स कोव्हच्या बीचवर जाताना दिसतात. बीच छान आहे, माडांची रांग, अर्धचंद्रासारखा किनारा, आपल्या गुहागरची आठवण येते, पण शहाळं मात्र महाग. तिथे शहाळं पिताना दादांनी हंफ्रीगंजचं सांगितलं. ३० डिसेंबर १९४३ ला नेताजींनी पोर्ट ब्लेअरमध्ये तिरंगा फडकवला, हे शाळेत शिकलो. त्यानंतर बरोबर एक महिन्याने, ३० जानेवारी १९४४ ला, जपान्यांनी हेरगिरीच्या आरोपावरून ४४ जणांना हंफ्रीगंजला नेऊन गोळ्या घातल्या, हे नाही शिकलो. नेताजींना इथल्या छळाचं काही दिसूच दिलं नव्हतं म्हणतात. "मेरे नाना उस टाइम जंगल में छुपे थे, कंदमूल खा के," दादा म्हणाले आणि शहाळ्याचं खोबरं काढून आईच्या हातात दिलं.

बाकी चॅथमची लाकूड गिरणी (१८८३ ची, आत बॉम्ब पडलेला खड्डा आहे), म्युझियम वगैरे बघितलं, ठीक आहे. वंडूरला सुनामीत पडलेली झाडं अजून वाळूत आडवी आहेत आणि मगरींपासून सावधान असा बोर्ड आहे, म्हणून पाय पण ओले केले नाहीत. एक टिप, डिसेंबरमध्ये जात असाल तर पाचच्या सुमारासच सूर्य गायब होतो, सनसेट पॉइंटला साडेपाचला पोचून अंधार बघायचा नसेल तर जेवल्याजेवल्या निघा. आम्ही अंधार बघितला.

शेवटच्या दिवशी एअरपोर्टवर आईने दादांना रीतसर आमंत्रण दिलं, नाशिकला या, भगूर दाखवते. ते म्हणाले, मेनलँडला एकदाच गेलोय, चेन्नईला, डोळ्याच्या ऑपरेशनला, जहाजाने तीन दिवस. "परदादा आया था तो वापस कोई गया नहीं, माताजी." आई म्हणाली मग तुम्ही या ना, विमानाने या. ते हसले, बॅगा ट्रॉलीवर चढवल्या आणि सुट्टे पन्नास रुपये परत करायला लागले, ते आईने घेतले नाहीत.