मीटरवरचा लाल दिवा आणि वरच्या मजल्यावरचा फ्रीज

जानेवारी २०२५ च्या पहिल्या आठवड्यात डिसेंबरचे वीजबिल हाती आले, तेव्हा त्यावर ३४० युनिटांची नोंद होती. नाशिकमध्ये आमचे दुमजली रो-हाऊस आहे आणि घरात मी, माझे पती, सातवीतला मुलगा व सासूबाई अशी चार माणसे आहोत. एसी नाही, थंडीमुळे पंखे बंद, आणि तरीही बिल भर उन्हाळ्यातल्यासारखे. त्या संध्याकाळी घरात नेहमीप्रमाणे आरोपी शोधण्याचे काम सुरू झाले: मुलगा न्हाणीघरातला दिवा तसाच ठेवतो, मोबाइलचे चार्जर रात्रभर लावलेले असतात, टीव्ही कोणी बघत नसले तरी चालू असतो. मीही त्यात हिरिरीने भाग घेतला. पुढे कागदावर हिशोब मांडला तेव्हा कळले की ९ वॅटचा एलईडी दिवा एक युनिट (म्हणजे हजार वॅट एक तास) संपवायला ११० तास घेतो. म्हणजे मुलावर मी जेवढी ओरडले, त्या मानाने त्याचा गुन्हा महिन्याला दोन युनिटांचाही नव्हता.

बिल मी तोवर फक्त शेवटच्या ओळीपासून वाचत असे. या वेळी वरून खाली वाचले. २०२४-२५ च्या दरपत्रकानुसार वीज आकार आणि वहन आकार (वीज घरापर्यंत पोहोचवण्याचा) मिळून पहिल्या १०० युनिटांना प्रतियुनिट ५ रुपये ८८ पैसे, १०१ ते ३०० पर्यंत ११ रुपये ४६ पैसे आणि ३०१ ते ५०० पर्यंत १५ रुपये ७२ पैसे पडत होते. शिवाय या साऱ्यावर १६ टक्के वीज शुल्क. एकूण रकमेला युनिटांनी भागून ‘आपल्याला वीज १२ रुपयांनी पडते’ असे मी समजत होते, ते चूक होते. पहिले युनिट आम्हाला शुल्कासह सात रुपयांच्या आत मिळत होते आणि शेवटच्या चाळिसांपैकी प्रत्येकासाठी आम्ही अठरा रुपयांहून अधिक मोजत होतो. बचत करू लागले की युनिटे कमी होतात ती या महागड्या टोकाकडून, ही गोष्ट त्या दिवशी ध्यानात आली आणि मग मला या कामाचा खरा हुरूप आला.

त्याआधी दोन चुकीची वळणे घेऊन झाली, तीही सांगितली पाहिजेत. आमच्या ओळखीच्या वायरमनने मीटरकडे नुसते पाहून ‘मीटर फास्ट आहे’ असे निदान केले आणि मी तपासणीच्या अर्जाची चौकशीही करून आले. दुसरे वळण सातशे रुपयांचे. प्लगमध्ये खोचायचे एक ‘वीज बचत यंत्र’ पतींनी बाजारातून आणले. त्याचा हिरवा दिवा लागला, बाकी काहीच घडले नाही. मुलाने स्क्रू काढून ते उघडले, तर आत एक कपॅसिटर (विद्युतभार साठवणारा छोटा भाग) आणि एक दिवा एवढाच ऐवज होता. घरगुती ग्राहकाचे बिल प्रत्यक्ष वापरलेल्या युनिटांवर आकारले जाते. कपॅसिटरमुळे पॉवर फॅक्टर, म्हणजे येणाऱ्या विजेपैकी प्रत्यक्ष कामी लागणाऱ्या विजेचे प्रमाण, सुधारला तरी त्या युनिटांत फरक पडत नाही. ते यंत्र आता मुलाच्या खेळण्यांच्या डब्यात आहे.

मग मी सर्वांत साधा उपाय केला. रोज सकाळी सात वाजता मीटरचा आकडा बघायचा आणि स्वयंपाकघरातल्या दिनदर्शिकेवर, दुधाच्या खाड्यांशेजारी, पेन्सिलीने लिहायचा. आठवडाभरात दिसले की रोजचा खप साधारण ११ युनिटांचा आहे. ज्या रविवारी आम्ही चौघेही लग्नाला गेलो होतो आणि घर सकाळपासून रात्रीपर्यंत बंद होते, त्या दिवशीही जवळजवळ सात युनिटे पडली. कुलूपबंद घर सात युनिटे खाते, हे वाचून पतींना मीटर फास्ट असल्याची पुन्हा खात्री पटली. मला मात्र घरात कोणीतरी जागे आहे असे वाटू लागले.

मीटरवर एक बारीक लाल दिवा लुकलुकत असतो. आमच्या मीटरवर ३२०० हा आकडा छापलेला आहे. म्हणजे एक युनिट होईपर्यंत तो दिवा ३२०० वेळा लुकलुकतो. हा आकडा मीटरगणिक वेगळा असतो, म्हणून आधी तो वाचून घ्यावा लागतो. एका मिनिटात किती वेळा लुकलुकला ते मोजायचे, साठाने गुणायचे आणि ३२०० ने भागायचे, की त्या क्षणी घरात किती किलोवॅट वीज चालू आहे ते कळते. रात्री अकरा वाजता आम्ही घरातली सगळी बटणे बंद केली, स्वयंपाकघरातल्या फ्रीजचा प्लग काढला, टीव्ही आणि सेट टॉप बॉक्सही भिंतीवरूनच बंद केले, आणि मी व मुलगा टॉर्च घेऊन जिन्याखाली मीटरसमोर उभे राहिलो. दिवा थांबायला हवा होता. तो दर सात-आठ सेकंदांनी लुकलुकत राहिला: मिनिटाला आठ वेळा. आठ गुणिले साठ, भागिले ३२००, म्हणजे दीडशे वॅट. मुलाने गणित माझ्याआधी केले.

त्यानंतर डीबीमधल्या, म्हणजे वीज वाटपाच्या पेटीतल्या, एमसीबी (घराच्या एकेका भागाची वीज तोडणाऱ्या कळा) एकेक करून खाली पाडल्या. तळमजल्याच्या तिन्ही पाडल्या तरी दिवा लुकलुकतच होता. वरच्या मजल्याची पाडली आणि तो मेला. आम्ही दोघे एकमेकांकडे पाहत राहिलो, कारण उत्तर दोघांनाही एकदमच सुचले होते.

वरच्या मजल्यावर, जिन्याच्या कोपऱ्यात, आमचा २००७ सालचा जुना फ्रॉस्ट-फ्री फ्रीज होता. नवीन फ्रीज घेतला तेव्हा ‘चालतोय तोवर टाकायचा कशाला’ म्हणून तो वर नेला होता. तो इतका रोजचा झाला होता की सगळे प्लग काढताना तो आमच्या गिनतीतच नव्हता. त्यात त्या रात्री पाण्याच्या सहा बाटल्या, चिंचेचा गोळा आणि सासूबाईंच्या मसाल्याचे दोन डबे होते. दाराच्या रबरात मी शंभराची नोट धरून दार लावले, तर नोट अलगद ओढून निघाली. म्हणजे थंडावा दिवसरात्र बाहेर जात होता आणि कॉम्प्रेसर त्याची भरपाई करीत क्वचितच थांबत होता. दीडशे वॅट चोवीस तास म्हणजे ३.६ युनिटे, महिन्याला १०८. वरच्या दरांनी आणि शुल्क धरून हिशोब केला, तर सहा बाटल्या पाणी गार ठेवायला आम्ही महिन्याला सोळाशे रुपये देत होतो, आणि तेही डिसेंबरात, जेव्हा ते पाणी कोणी पीत नव्हते.

सासूबाई तयार नव्हत्या. त्यांचे म्हणणे असे की मसाला बाहेर ठेवला की त्याला किडे होतात, आणि ते खोटे नव्हते. मी वाद घातला नाही. ‘आई, तीन दिवस बंद ठेवून बघू, मसाला तोवर खालच्या फ्रीजमध्ये ठेवते,’ एवढेच म्हणाले. तीन दिवस दिनदर्शिकेवर ७.५, ७.३ आणि ७.४ असे आकडे पडले. ते त्यांनी स्वतः चष्मा लावून पाहिले आणि मसाल्याचे डबे खालीच राहिले.

उरलेल्या साडेसातांतला मोठा वाटेकरी होता गिझर. तो २००० वॅटचा, पण थर्मोस्टॅट असल्याने पाणी तापले की आपोआप बंद होतो, त्यामुळे केवळ बटण चालू राहिले म्हणून फार नुकसान होत नाही. खरी वीज पाणी तापवण्यातच जाते: थंडीत २० लिटरची एक बादली आंघोळीजोगी करायला साधारण अर्धे युनिट लागते, आणि चार माणसांच्या चार बादल्या म्हणजे दोन युनिटे. ही वीज काटकसरीने फारशी वाचणारी नव्हती, ती दुसऱ्या वाटेनेच वाचवायची होती. गच्चीवर घराबरोबर आलेला काचनळ्यांचा सोलर हीटर होता. चार वर्षांपूर्वी एक नळी फुटून पाणी गळू लागले, तेव्हा आम्ही व्हॉल्व्ह बंद केला आणि तो बंदच राहिला. प्लंबरला बोलावले तेव्हा आणखी एका नळीला तडा निघाला, आणि बोअरच्या जड पाण्याने टाकीत व नळ्यांत क्षारांचा असा थर धरला होता की तो दोन दिवस धुवून काढावा लागला. आता सकाळी नळातून आधी अर्धी बादली गार पाणी येते. ते फरशी पुसायला जाते. ढगाळ दिवशी गिझर लागतोच, आणि पावसाळ्यात तर सोलरची आशाच नको.

फेब्रुवारीचे बिल १९० युनिटांचे आले. स्थिर आकार आणि इंधन समायोजन आकार (इंधनाच्या खर्चातल्या चढउतारापोटीचा) सोडून, शुल्कासह डिसेंबरची रक्कम सुमारे ४०७० रुपये होती, ती सुमारे १८८० वर आली. युनिटे ४४ टक्क्यांनी घटली आणि पैसे ५४ टक्क्यांनी. हे अंतर वरच्या टप्प्यांच्या दरांचे. मार्चअखेर दोन पंखेही बदलले, पण फक्त दोनच. जुना पंखा ७५ वॅटचा, नवा बीएलडीसी (कमी वीज खाणाऱ्या ब्रशविरहित मोटरचा) ३० वॅटच्या आसपास. दिवसाला दहा तास फिरला तर महिन्याला तेरा-चौदा युनिटे वाचतात. सासूबाईंच्या आणि आमच्या खोलीतले पंखे रात्रभर फिरतात म्हणून ते घेतले. बैठकीच्या खोलीतला पंखा पाहुणे आल्यावरच लागतो, त्याच्यावर तीन हजार रुपये खर्च करायला मी नकार दिला.

जुना फ्रीज अजून वरच आहे, पण बंद. त्याचे दार नीट लागावे म्हणून मुलाने पुठ्ठ्याची पाचर करून दिली आहे, आणि सासूबाईंनी या उन्हाळ्यात केलेल्या कुरडया व पापडांचे डबे त्यात ओळीने मांडले आहेत.